उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा

साताऱ्याच्या सदर बझारमध्ये तरावीहची नमाज संपवून पुरुष घरी परततात तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. एरवी या वेळी सेहरीच्या तयारीची घाई असते. पण ज्या घरातली माणसे चार दिवसांनी उमऱ्याला निघणार आहेत, तिथे पलंगावर बॅगा उघड्या पडलेल्या असतात. एका बाजूला एहरामचे पांढरे कपडे, चपला, दुआंची छोटी पुस्तिका आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. दुसऱ्या बाजूला डायपर, दुधाची बाटली, तापाचे औषध, थर्मामीटर आणि ओल्या वाइप्सची तीन पाकिटे. चार वर्षांचा मुलगा रिकाम्या बॅगेत बसून विमान चालवतो आहे. दहा महिन्यांची मुलगी आजीच्या मांडीवर जागीच आहे.

मुलांच्या आईच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळते आहे. बंद विमानात अडीच-तीनशे माणसे, त्यांतला कोणी खोकणार, कोणी शिंकणार. तीच हवा पाच-सहा तास सगळ्यांनी घ्यायची. परक्या मुलखात लेकरांना ताप भरला तर कुठे धावायचे? तिने चौथ्यांदा वाइप्स मोजले, तशी आजी हसून म्हणाली, ‘‘अल्लाह निगेहबान है, तू कायकू डरती?’’

असे घर फक्त सदर बझारातच आहे असे नाही. कराडला, मिरजेला, सांगलीच्या खणभागात रमजानच्या दिवसांत अशा बॅगा दरवर्षी भरल्या जातात. रमजानमधल्या उमऱ्याचे पुण्य हजच्या तोडीचे मानले जाते. त्यामुळे वर्षभर पैसे साठवून याच महिन्यात निघणारे बरेच असतात. मोठ्या मुलांच्या परीक्षा असतात म्हणून ती मागे राहतात आणि आईवाचून न राहणारी लहानगी बरोबर घ्यावी लागतात. शिवाय विमानातल्या जंतूंची ही काळजी केवळ उमऱ्याला जाणाऱ्यांची नाही. वाईच्या किंवा विट्याच्या घरातली सून दोन मुलांना घेऊन दुबईला नवऱ्याकडे निघते, तेव्हा तिच्याही पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली असतेच.

प्रश्न एवढाच, की ही भीती खरी किती आणि आजीचा भरवसा पुरेसा किती?

इस्लामपूरची आठवण

सातारा-सांगलीच्या माणसाला या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगायला नको. २०२० च्या मार्च महिन्यात सौदी अरेबियातून परतलेल्या इस्लामपूरच्या एका कुटुंबातील चार जणांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. आठवड्याभरात त्याच कुटुंबातल्या आणि निकटच्या नात्यातल्या रुग्णांची संख्या पंचवीसच्या घरात गेली. त्यात लहान मूलही होते. शहराच्या सीमा बंद झाल्या, संपर्कातल्या प्रत्येक माणसाचा शोध घेतला गेला, रुग्णांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात ठेवले गेले. बहुतेक सगळे बरे होऊन घरी परतले. साथ तिथेच रोखली गेली आणि राज्यभर तिचे नाव ‘इस्लामपूर पॅटर्न’ असे झाले.

त्याच सुमारास साताऱ्यात सापडलेले पहिले रुग्णही परदेशातूनच परतलेले होते, एक दुबईहून आणि एक अमेरिकेहून. म्हणजे कोण कशासाठी गेले होते, यात्रेला, नोकरीला की लेकाकडे, हे विषाणूने विचारले नाही. त्या दिवसांत गावोगावी आजारी माणसाकडे गुन्हेगारासारखे पाहिले गेले, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. पण त्या प्रसंगातून एक साधी गोष्ट सगळ्यांनाच समजली. विषाणू विमानातून उतरतो आणि मग मायेच्या वाटेने पसरतो. प्रवासातून आलेल्या माणसाला आपण गळ्याशी धरतो, एका ताटात जेवायला बसतो, त्याच्या मांडीवर आपली लेकरे देतो. घराचे हेच सुख साथीच्या काळात घराला महागात पडते.

म्हणून लेकरांसह विमानात बसणाऱ्या आईची काळजी हा केवळ तिच्या मुलांचा प्रश्न राहत नाही. तिची मुले निरोगी गेली आणि निरोगी परतली, तर गल्लीतली दहा घरे निर्धास्त राहतात.

यात्रा आणि साथ यांचे जुने नाते

ही काळजी आजची नाही. १८६५ मध्ये मक्केत पटकीची साथ आली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती दूरदूरच्या देशांत पोहोचली. पुढच्याच वर्षी या एका प्रश्नासाठी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पुढे तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर विलगीकरणाचे ठाणे उभे राहिले. मुंबईहून बोटीने निघालेल्या हाजींना तिथे उतरवून, कपडे निर्जंतुक करून, काही दिवस ठेवून मगच जेद्दाकडे सोडत. तिथल्या गैरसोयींच्या तक्रारी पुष्कळ झाल्या, पण थांबावे लागेच. मुंबईत प्लेग पसरल्यावर १८९७ मध्ये मुंबई बंदरातून हाजींचे जाणेच बंद करण्यात आले होते. त्याच प्लेगने पुढे सातारा-सांगलीच्या गावांना रानात झोपड्या बांधून राहायला लावले. ती आठवण इथल्या जुन्या घरांत अजून सांगितली जाते.

पंढरीच्या वाटेवरही हेच घडले. वारीत पटकी पसरे, चंद्रभागेचे पाणी दूषित होई आणि वारकऱ्यांबरोबर साथ गावी परते. म्हणून यात्रेकरूंना पटकीची लस टोचण्याची व्यवस्था करावी लागली. ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते त्या सातारा जिल्ह्याला पाण्याच्या टँकरमध्ये औषध टाकणारे आरोग्य कर्मचारी नवे नाहीत. श्रद्धा कोणाचीही असो, माणसे एकत्र आली की आरोग्याची शिस्त लागतेच. तिने श्रद्धा कमी झाली असे कुठल्याच यात्रेत घडलेले नाही.

बोटीचा हजचा प्रवास १९९५ मध्ये बंद झाला. बोटीत आठवडाभरात आजार उघड होई आणि बंदरावर माणूस थांबवता येई. मुंबईहून जेद्दाला विमान पाच-साडेपाच तासांत पोहोचते. आजार अंगात असला तरी तेवढ्या वेळात दिसत नाही. कामरानवर जे काम ठाणे करीत असे, ते आता प्रत्येक कुटुंबाने स्वतःच्या घरात करायचे आहे.

भरवसा म्हणजे बेफिकिरी नव्हे

आजीचा भरवसा, म्हणजे तवक्कुल, ही श्रद्धेची मोठी पायरी आहे. पण तिचा अर्थ समजून घ्यायला हवा. तिर्मिजीच्या हदीससंग्रहात एक प्रसंग येतो. एका माणसाने पैगंबरांना विचारले, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून ठेवू? त्याला मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव. रमजानच्या बयानांत हा प्रसंग दरवर्षी कुठे ना कुठे सांगितला जातो.

दुसरा प्रसंग खलिफा हजरत उमर यांचा. इसवी सन ६३८-३९ च्या सुमारास ते सीरियाकडे निघाले होते. वाटेत सर्ग या ठिकाणी पुढे प्लेग पसरल्याची बातमी आली. त्यांनी बरोबरच्या जाणत्यांचा सल्ला घेतला आणि परत फिरण्याचा निर्णय केला. अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता काय, असा प्रश्न त्यांच्या जवळच्याच माणसाने विचारला. उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता, की होय, पण अल्लाहच्याच एका लिखितापासून दुसऱ्या लिखिताकडे आम्ही जात आहोत. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असलात तर बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण तेव्हा एका सहकाऱ्याने सांगितली. आजारी उंट निरोगी उंटांमध्ये आणू नयेत, हेही हदीसमध्ये आहे. आज त्याला विलगीकरण म्हणतात.

मूल ही पालकांकडे दिलेली अमानत आहे. दुसऱ्याची ठेव सांभाळताना माणूस कुलूप लावतो आणि मग झोपतो. लेकरांच्या बाबतीत कुलूप कुठे लावायचे, एवढे कळले की भीतीचे अर्धे ओझे उतरते.

विमानातली हवा कशी असते?

सगळ्यात मोठी भीती असते ती विमानातल्या हवेची. प्रत्यक्षात ही हवा अनेकांना वाटते तितकी वाईट नसते. आधुनिक प्रवासी विमानात साधारण निम्मी हवा बाहेरून घेतलेली ताजी असते आणि उरलेली निम्मी गाळून पुन्हा सोडलेली. गाळणारी जाळी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात त्या प्रतीची असते आणि अतिसूक्ष्म कणांपैकी ९९.९७ टक्के अडवते. तासाला वीस ते तीस वेळा सगळी हवा बदलते. शिवाय ती डोक्यावरून येते आणि त्याच ओळीत पायाशी ओढली जाते. विमानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती फिरत राहत नाही. बंद काचांची गर्दीची एसटी किंवा लग्नाचा कोंदट हॉल यापेक्षा उडत्या विमानातली हवा बरी.

पण ही सगळी यंत्रणा चालू असेल तेव्हाच. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान बिघाडामुळे काही तास जमिनीवर उभे राहिले आणि हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. आत एकच फ्लूचा रुग्ण होता. तीन दिवसांत जवळजवळ पाऊणशे टक्के प्रवासी आजारी पडले. २००३ मध्ये हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानात सार्सचा रुग्ण होता. त्या प्रवासानंतर वीसहून अधिक जणांना लागण झाली, त्यांतले काही अनेक ओळी दूर बसलेले होते. तेव्हा जाळी चांगली आहे म्हणून सगळे सोडून द्यावे असेही नाही.

यातून निघणारे शहाणपण सोपे आहे. धोका मुख्यतः शेजारच्या आणि पुढच्या-मागच्या दोन ओळींतल्या आजारी माणसापासून असतो. विमान उभे असताना, चढता-उतरताना, विमानतळावरच्या रांगेत आणि बसमध्ये गर्दी दाटलेली असते. मास्कचा उपयोग तिथे जास्त. पाच वर्षांवरचे समजते मूल तेवढा वेळ मास्क लावू शकते. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नये, त्याचा श्वास कोंडू शकतो. त्याला कडेवर घेणाऱ्याने लावला की पुरे. लहान मुलाला खिडकीकडे बसवावे. मधल्या वाटेने येणारे-जाणारे, सीटच्या पाठीला हात लावत चालणारे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. डोक्यावरची हवेची झोत सोडणारी चकती बंद करण्याची गरज नाही, थोडी उघडीच ठेवावी. फक्त झोत थेट बाळाच्या तोंडावर नको.

हात, ट्रे आणि ओले स्वच्छतागृह

हवेपेक्षा हातांची काळजी अधिक करावी. सीटच्या समोरचा ट्रे, पट्ट्याचे बक्कल, खिडकीची झडप आणि हाताच्या दांड्या यांना दिवसभरात कितीतरी हात लागतात. लहान मूल ट्रेवर पडलेला बिस्किटाचा तुकडा उचलून तोंडात घालते, कधी ट्रेच चाटते. बसल्याबरोबर या चार जागा पुसून घेतल्या की बरेच काम झाले. सीट, पडदा, छत पुसत बसण्याची गरज नाही.

इथे उमऱ्याच्या प्रवाशांची एक खास अडचण आहे. एहरामची नियत केल्यानंतर सुगंध वर्ज्य होतो आणि बाजारातले बहुतेक वाइप्स, साबण, सॅनिटायझर सुगंधी असतात. मीकात ओलांडण्याआधी विमानात घोषणा होते, नियत होते आणि नेमके त्यानंतर बाळ डायपर भरते. आईला पेच पडतो, की हात पुसावा की नियम पाळावा. त्यावर उपाय घरीच करून निघायचा. बिनवासाचे वाइप्स, बिनवासाचा साबण आणि बिनवासाचे सॅनिटायझर सातारा-सांगलीच्या औषध दुकानांत मागितले तर मिळतात. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलविषयीही काहींना शंका असते. अंगावर वरून लावण्यास हरकत नाही, असे मत बहुतेक उलमांनी कोरोनाच्या काळात दिलेले आहे. ज्यांना तरी नको वाटते त्यांच्यासाठी साबण-पाणी आहेच आणि ते अधिक चांगले आहे. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. साबणाने वीस सेकंद चोळून धुतलेला हात मात्र स्वच्छ होतो. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या घराला हात धुणे नवे नाही. त्यात साबण तेवढा आठवणीने घ्यायचा.

विमानातल्या स्वच्छतागृहात बरेच जण वुजू करतात, त्यामुळे जमीन ओली राहते. मुले मोज्यांवर किंवा अनवाणी तिथे जातात आणि तेच पाय सीटवर घेऊन बसतात. मुलाच्या पायात चप्पल असावी. तिथल्या नळाचे पाणी हात धुण्यापुरते वापरावे, पिण्यासाठी किंवा दुधाची पावडर कालवण्यासाठी नाही. हातातल्या सामानात द्रवाची बाटली शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, पण बाळाचे दूध आणि खाणे प्रवासाला लागेल तेवढे नेता येते. तपासणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवावे लागते.

कान दुखतो, घसा सुकतो

विमानात रडणारे प्रत्येक मूल आजारी नसते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार फुटांवर आहे, कळसूबाई साधारण ५,४०० फुटांवर. उडत्या विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. म्हणजे विमानातले बाळ कळसूबाईच्याही वर बसलेले असते. विमान उतरू लागले की हा दाब भराभर बदलतो आणि कानात दडे बसतात. मोठी माणसे गिळून, जांभई देऊन ते मोकळे करतात, बाळाला ते जमत नाही. त्यासाठी उतरताना त्याला अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. मोठ्या मुलाला पाण्याचे घोट किंवा चघळायला काही द्यावे. उतरण्याच्या अर्धा तास आधी झोपलेल्या मुलाला उठवणे आईच्या जिवावर येते, पण कानासाठी ते बरे. ज्या मुलाला आधीच सर्दी किंवा कानाचा ठणका आहे, त्याला हा त्रास फार होतो. त्याला निघण्याआधी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

विमानातली हवा फार कोरडी असते. मूल वरचेवर पाणी मागते ते त्यामुळे, त्याला ते द्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूध पुरते. मूल झोपावे म्हणून सर्दीचे सिरप पाजण्याची युक्ती काहीजण सांगतात. ती करू नये. औषध आजारासाठी असते आणि ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लहान मुलाला देऊ नये.

खरे म्हणजे बऱ्याच मुलांचा आजार विमानात सुरूच होत नाही. तो सुरू होतो रस्त्यावर. सांगलीहून मुंबईचे विमानतळ गाठायला आठ-नऊ तास लागतात. खंबाटकी ओलांडून गाडी ढाब्यावर थांबते. उघड्यावर कापलेली फळे, बर्फाचा रस, परातीतली थंडगार भजी मुलांच्या हातात येतात. मग विमानात उलटी झाली की दोष विमानाला मिळतो. घरची चपाती, उकळून गार केलेले पाणी, केळी आणि ओआरएसची चार पाकिटे एवढी शिदोरी असली तर अर्धी लढाई कात्रजच्या अलीकडेच जिंकलेली असते.

लस चार दिवसांत होत नाही

बॅग चार दिवस आधी भरता येते, लस घेता येत नाही. उमऱ्यासाठी एक वर्षावरच्या प्रत्येकाला मेंदूच्या आवरणाचा दाह होणाऱ्या आजाराची, म्हणजे मेनिन्जायटिसची, चार प्रकारच्या जंतूंवरची लस घ्यावी लागते. ती सौदीत पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली असावी लागते. काहींना ती नुसती कागदाची अट वाटते. पण तिच्यामागे इतिहास आहे. २००० मध्ये हजनंतर या आजाराच्या एका प्रकाराची साथ पसरली. युरोपात आजारी पडलेल्यांत हज करून आलेले होते, तसे घरी राहिलेले त्यांचे नातलग आणि मुलेही होती. जंतू घशात असतो, माणूस धडधाकट दिसतो आणि गळाभेटीतून तो दुसऱ्याला देतो. त्यानंतर सध्याची चार प्रकारांवरची लस सक्तीची झाली.

एक वर्षाच्या आतल्या बाळाविषयी बालरोगतज्ज्ञांनाच विचारावे. पण त्याच्या बाबतीत गोवराची लस विसरता कामा नये. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू हवेत राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली, लहान मुले दगावली. त्या वस्त्यांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती, हे दुःख समाजाने मनात ठेवले पाहिजे. अफवांनी ज्या घरांनी लस टाळली, त्यांनी ती पैशाअभावी टाळली नव्हती, कारण सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन परदेशी जायचे असेल तर एक आगाऊ डोस देता येतो, तेही डॉक्टरांना विचारून. फ्लूची लस सहा महिन्यांपासून घेता येते. लहान मुलाला पहिल्यांदा देताना महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे तिकीट काढले त्याच आठवड्यात मुलाला दवाखान्यात न्यायला हवे.

रोजेदार आई

रमजानचा प्रवास म्हटला की आणखी एक प्रश्न येतो. सेहरी करून निघालेली आई रोजाने आहे, अंगावर बाळ पिते आहे, रात्रभर जागरण झाले आहे आणि विमानातल्या कोरड्या हवेत तिला चक्कर येते. कुरआनने आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत दिली आहे. बाळाला पाजणाऱ्या आईलाही, तिच्या किंवा बाळाच्या जिवाला त्रास होणार असेल, तर ही सवलत आहे असे उलमा सांगतात. लोक काय म्हणतील म्हणून ती नाकारणाऱ्या बायका अनेक आहेत. सवलत देणाऱ्यानेच ती दिली आहे, मग ती घेण्यात कमीपणा कसला? थकलेल्या, तहानलेल्या आईला मुलाचे हात धुण्याचेही भान राहत नाही. तिने पाणी प्यावे आणि राहिलेले रोजे नंतर धरावेत.

जाणे पुढे ढकलण्याची हिंमत

सगळ्यात अवघड प्रसंग येतो तो निघण्याच्या आदल्या दिवशी. मुलाला ताप भरतो. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, ग्रुप निघून जाईल, नातलग निरोप द्यायला आलेले आहेत. मग ताप उतरवण्याचे औषध पाजून मूल विमानात चढवले जाते. त्याला स्वतःला त्रास होतोच, पण पुढच्या ओळीत केमोथेरपी चालू असलेली एखादी म्हातारी असू शकते, मागच्या ओळीत लस न झालेले दोन महिन्यांचे बाळ. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नये, ही शिकवण अशाच दिवसासाठी आहे. उमरा वर्षभरात कधीही करता येतो. अमानत सांभाळून आणि दुसऱ्याला त्रास न देता थांबणे हाही इबादतीचाच भाग आहे. टूरवाल्यांशी पैसे भरतानाच याविषयी बोलून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी पैशासाठी मन डळमळत नाही.

परत आल्यावरची शिस्तही तितकीच महत्त्वाची. जमजमचे पाणी आणि खजूर घेऊन आलेल्या माणसाला भेटायला सगळा मोहल्ला लोटतो, शेजारची हिंदू मंडळीही मायेने येतात. गळाभेटी होतात, गालगुच्चे घेतले जातात, एकाच पेल्यातून जमजम फिरते. आठ-दहा दिवस थोडे अंतर ठेवले, पेले वेगळे ठेवले, ज्याला खोकला-ताप आहे त्याने बाहेरच्यांत मिसळले नाही, तर स्वागतात काही कमी पडत नाही. मुलाला ताप, अंगावर पुरळ किंवा मान ताठ झाल्यासारखी वाटली तर उशीर न करता डॉक्टरांकडे जावे आणि प्रवास कुठे झाला हे पहिल्याच वाक्यात सांगावे. इस्लामपूरने त्या वर्षी जे शिकवले ते यापेक्षा वेगळे नव्हते. वेळेवर सांगितले, वेळेवर थांबले, तर साथ थांबते.

सदर बझारच्या त्या घरात रात्री अकराला बॅगेची चेन लागली. तीन पाकिटे सुगंधी वाइप्स बाहेर राहिले, बिनवासाची दोन आत गेली. दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डे पासपोर्टच्या पाकिटात गेली. पोराची मेनिन्जायटिसची सुई तीन आठवड्यांपूर्वीच झाली होती, बाळाचा गोवराचा डोस गेल्या महिन्यात. एक महिना आधी दवाखान्याच्या रांगेत बाळाला घेऊन उभी राहिली होती ती आजीच.

सून दिवा मालवायला उठली तेव्हा आजीने पाकीट हाताने चाचपून पाहिले आणि विचारले, ‘‘उंट बांध्या क्या?’’

‘‘बांध्या अम्मी,’’ सून म्हणाली.

‘‘तो अब सो जा. सेहरी कू उठना है.’’